मांजरपावलीची सफाई

आबांशी खोटं बोलणं अवघड होतं, पण त्यांच्यासमोर गप्प बसणं त्याहून अवघड. समोरचा गप्प बसला की त्या गप्प बसण्यातूनही म्हातारा काहीतरी उचलायचाच. सूनबाई गेले दोन आठवडे त्यांच्या नजरेला नजर न देता काम करत होती, आणि हे आबांच्या लक्षात आलेलं नाही असं फक्त तिच्या नवऱ्याला वाटत होतं.

घराला लागूनच त्यांची नर्सरी होती. पुढे विक्रीची रोपं, मागे लांबट काचघर, आणि काचघरात फळ्यांवर ट्रेच्या ट्रे भरून एकच झाड, मांजरपावली. झाड म्हणायचं ते आपलं मान राखायला. जमिनीला चिकटून पसरणारी चंदेरी पानांची चटई ती. उंची बोटभर, आणि मोसमात त्यावर गुलाबी फुलांचे छोटे झुबके, मांजराच्या पंजाखालच्या गादीसारखे मऊ. कूळ पाहाल तर शेवंतीचं, सूर्यफुलाचं. पण त्या कुळाचा थाट काही हिच्या वाट्याला आला नव्हता. एकदा लावली की वर्षानुवर्षं जागा सोडत नाही, पाणी फारसं मागत नाही, पायाखाली आली तरी कुरकुर नाही. प्रत्येक घरात असं एखादं माणूस असतं आणि त्याची विचारपूस कुणी करत नाही. मांजरपावलीची मात्र विचारपूस होई. गच्चीवर, भिंतीच्या फटीत, अंगणातल्या फरशांच्या सांध्यात लावायला लोक ती शोधत यायचे, आणि ती मिळायची फक्त आबांकडे. ती मुळात उगवायची गावामागच्या एकाच डोंगरावर. तिथून खाली आणून तिला जगवणं एकट्या आबांना साधलं होतं.

आबा या सगळ्याचं श्रेय सफाईला द्यायचे. फुलांच्या दिवसांत रोज सकाळी कमरेवर क्रेट घेऊन ते फळ्यांमधून फिरायचे आणि गबाळं दिसेल ते रोप मुळासकट उपटायचे. काही चटयांची फुलं गुलाबी न होता पांढुरकी, आखूड राहायची, आणि चार दिवसांत त्यांवर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग पडायचे. ती क्रेटमध्ये जायची. “जे वाईट दिसतं ते वाईटच असतं. त्याची जागा चांगल्याला द्यायची,” हे आबांचं ठरलेलं वाक्य. सूनबाई लग्न होऊन आली तेव्हा आबांनी तिला स्वयंपाकघराच्या आधी काचघर दाखवलं आणि पहिल्याच मोसमात क्रेट तिच्या हातात दिला. ती झटपट शिकली. पुढे एका गिऱ्हाइकासमोर आबा सहज म्हणाले होते की हिची नजर माझ्यासारखी आहे. कौतुकाच्या बाबतीत आबांचा हात इतका आखडता, की त्या एका वाक्यावर सूनबाईने कितीतरी वर्षं काढली.

तर अशी अनेक वर्षं सफाई होऊन होऊन सगळं काचघर गुलाबी झालं. बघायला येणारे तोंडात बोट घालायचे.

आणि या वर्षी मूळकूज आली.

आधी एका ट्रेच्या मधोमध रुपयाएवढा तपकिरी डाग दिसला. मग शेजारच्या ट्रेत. बोट लावलं की चटई ओल्या कागदासारखी सुटून यायची आणि खाली मुळांच्या जागी काळा चिखल. आबांनी पाणी तोडलं, माती बदलली, वाळू मिसळली, निरोगी फुटवे काढून नव्या ट्रेत लावले. नव्या ट्रेतही तेच झालं. होणारच होतं. फुटवा काढून लावलेलं रोप म्हणजे तेच जुनं रोप, फक्त दुसऱ्या कुंडीत बसलेलं. एकाला जे बाधलं ते सगळ्यांना बाधणार. बियांपासून आलेली रोपं पोटच्या पोरांसारखी असतात, एकासारखं दुसरं नाही. त्यांतली काही तरी तगली असती. पण बी आणायचं कुठून? सूनबाई दोन मोसम मांजरपावलीच्या वाळल्या फुलांतून निघणारा कापूस गोळा करून पेरत होती आणि मातीतून हिरवं टोकसुद्धा वर आलं नव्हतं. आबा म्हणायचे, ही जातच बियांची नाही, फुटव्यांची आहे, उगाच माती वाया घालवू नकोस.

दोन आठवड्यांपूर्वी ती एकटीच डोंगरावर जाऊन आली. बाकीचा उतार रस्त्याच्या कामात गेला होता; रस्त्यावरच्या कड्याच्या माथ्याशी तिला मांजरपावलीचा शेवटचा तुकडा सापडला. अर्ध्या चटयांवर मिटलेल्या गुलाबी कळ्या होत्या, आणि अर्ध्यांवर नुकत्या रंग धरणाऱ्या पांढुरक्या, आखूड कळ्या. तिने दोन्हींतली एकेक कळी खुडून आणली आणि रात्रीचं जेवण आटोपायच्या आधीच भिंगाखाली धरली. गुलाबीत पराग तयार करणारं काहीच नव्हतं. पांढुरकीत दुसरं काही नव्हतंच, नुसता पराग. पपईचं असतं तसंच हे. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, आणि नर जवळपास नसेल तर मादीने कितीही फुलावं, बी धरत नाही.

भिंग हातात धरून ती तशीच बसून राहिली. आबांनी आयुष्यभर जे गबाळं म्हणून उपटलं, ते सगळे नर होते. पराग सांडून झाला की ते डागाळायचे आणि क्रेटमध्ये जायचे. आबांच्या मागोमाग तिनेही तेच केलं होतं, वर त्याचा अभिमान बाळगला होता. काचघरात आता नावाला एक नर उरला नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त आबांची कणव आली. सासऱ्याची कणव येणं ही गोष्ट तिला नवी होती आणि मुळीच आवडली नाही.

तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा चांगला माणूस होता, मेहनती होता, फक्त वडील समोर आले की त्याची वाचा बसायची. तो म्हणाला, आबांना अजिबात सांगायचं नाही. हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं होतं, डॉक्टरांनी मनाला लागेल असं काही बोलू नका म्हणून बजावलं होतं. आणि सांगायचं तरी काय? की आबा, तुम्ही जन्मभर ज्याला कला म्हणालात त्यानेच तुमचं काचघर बुडवलं? मांजरपावली असली म्हणून काय झालं, मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा प्रश्न होताच. दोघांनी मिळून ठरवलं की आधी आणून काचघरातली कूज लागायला नको, नर फुलायला लागले की डोंगरावरून गुपचूप त्यांच्या चार चटया आणायच्या, कोपऱ्यात ठेवायच्या, बी धरलं की आबांना म्हणायचं, बघा, झाला चमत्कार. मोठी माणसं पोरकट बेत करतात तेव्हा ते असलेच करतात.

आज सकाळी निरोप आला. डोंगराच्या रस्त्यावर दगड कोसळत म्हणून कड्यावर लोखंडी जाळी ठोकून वर सिमेंटचा फवारा मारायचं काम चालू होतं. खालचे टप्पे संपले, आज माथ्याचा टप्पा, असं नेहमीच्या टेंपोवाल्याने नवऱ्याला फोनवर सांगितलं. म्हणजे दुपारपर्यंत तो शेवटचा तुकडा सिमेंटखाली जाणार. सूनबाईने चहा तसाच टाकला आणि रिकामे ट्रे व्हॅनमध्ये चढवायला घेतले. सडलेले ट्रे निरोग्यांपासून वेगळे करायला कुणीतरी हवंच होतं. नवरा मागे राहिला, आणि राहायला मिळालं म्हणून त्याला किती बरं वाटलं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

ती व्हॅन सुरू करते तो पलीकडचा दरवाजा उघडून आबा आत बसले. पायात बूट, हातात खुरपं.

“डोंगरावर चाललीस ना? चल.”

सूनबाई म्हणाली, चढ आहे, ऊन आहे, तुम्हाला त्रास होईल. आबा म्हणाले, त्या डोंगरावर मी गेलो तेव्हा तुझा जन्म झाला नव्हता. मग काय आणायचंय असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, काही नाही, थोडी ताजी रोपं, काचघरात नवं रक्त येईल. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणजे काय ते त्या क्षणी तिला नीट कळलं.

रस्ता वळणावळणाचा होता. आबा खिडकीबाहेर बघत सफाईबद्दल बोलत होते. त्यांच्या मते या वर्षी सफाई कमी पडली. हिवाळ्यात मी अंथरुणात होतो, तेवढ्यात गबाळं शिरलं, म्हणून कूज आली. आता मी स्वतः लक्ष घालतो. सूनबाईने स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं की बोटं दुखायला लागली. प्रत्येक वळणावर तिला वाटे, आता सांगावं. सरळ रस्ता लागला की सांगू. सरळ रस्ता लागला आणि आबांनी छातीवरून सहज हात फिरवला. शर्टाची सुरकुती काढत होते की आणखी काही, कोण जाणे. तिने तोंड मिटलं ते मिटलंच.

कड्याखाली रस्ता अडवलेला होता. मोठा कॉम्प्रेसर धडधडत होता, जाड पाइप जाळीवरून वर वर नेलेला, आणि दोऱ्यांना लटकलेली माणसं करड्या रंगात बुडालेली. अर्धा माथा झाकून झाला होता. फवारा डावीकडून उजवीकडे सरकत होता, आणि उजवीकडच्या टोकाला, मोठ्या दगडाच्या आडोशाला, तिला खालूनही ते चंदेरी दिसलं.

मागच्या बाजूने पायवाट होती. दोघं वर पोहोचली तेव्हा आबांना धाप लागली होती, पण चेहरा खुलला होता. तुकडा शाबूत होता. गुलाबी कळ्या अजून मुठी आवळून बसल्या होत्या. डोंगरावर गारवा जास्त, तिथे मादीला उशीर. नर मात्र ऐन भरात होते. पांढुरक्या फुलांतून तपकिरी टोकं वर आलेली, परागाच्या पिवळसर पुडीने माखलेली, आणि दोनतीन चटया चहाचे डाग पडायच्या बेतात. सूनबाईचे डोळे भरून आले. काचघरातल्या माद्या आजच पूर्ण उमलल्या होत्या. आज हे खाली गेलं तर बी धरणार होतं, पुढच्या वर्षी काचघरात पुन्हा नर उगवणार होते, आबांचं आयुष्य वाया गेलेलं नसणार होतं.

फवारा हाताच्या अंतरावर नव्हता, पण लांबही नव्हता. मुकादमाला थांबवायला हवं होतं आणि ट्रे व्हॅनमध्येच राहिले होते. चटया मुळांसकट, मातीसकट काढायच्या तर ट्रे हवेतच. तिने आबांना दगडावर बसवलं आणि म्हणाली की हे सगळं न्यायचंय, मी ट्रे घेऊन आलेच.

आबांनी खुरप्याच्या टोकाने नरांकडे खूण केली.

“हे गबाळंसुद्धा?”

बस, इथेच सांगायचं होतं. एवढं सोपं वाक्य होतं, की आबा, गबाळं तेवढंच हवंय. पण त्या वाक्यापाठोपाठ ‘का?’ आलं असतं, आणि त्या ‘का’ला उत्तर दिलं असतं तर जन्मभराची सफाई आली असती, इथे कड्यावर, धाप लागलेल्या माणसासमोर. “तुम्ही बसा हो आबा, आलेच मी,” असं म्हणून ती उताराला लागली.

मुकादम ऐकायला तयार नव्हता. वर कोण गेलं, कुणाच्या परवानगीने गेलं, दगड सुटला तर जबाबदार कोण, असा त्याने उलट भडिमार केला. त्याचं चुकत नव्हतं, हेच तर अडचणीचं. सूनबाईने फुलांचं सांगितलं. मुकादम म्हणाला, फुलांसाठी मशीन बंद केलं तर पाइपात सिमेंट बसतं, मग ते काय तुम्ही तोंडाने ओढणार? ती हात जोडून उभी राहिली. म्हाताऱ्या सासऱ्याचा जीव त्या फुलांत आहे असं म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं. शेवटी मुकादमाने कपाळावरचा घाम पुसत सांगितलं की उजवा कोपरा शेवटी घेतो, तेवढ्यात काय ते उरका, आणि म्हाताऱ्याला आधी खाली आणा.

ट्रे काखेत मारून ती धावतच चढली. पायाखालची खडी घसरत होती, एकदा गुडघा फुटला, तिचं लक्षही गेलं नाही. माथ्याशी पोहोचली आणि थबकली.

आबा गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी खांद्यावरचा पंचा पसरून त्यावर गुलाबी कळ्यांच्या चटया मातीसकट ओळीने मांडल्या होत्या, एकाही मुळाला धक्का न लावता. हात तर त्यांचा होताच. आणि नरांच्या जागी नुसती उकरलेली ओली माती होती.

“आबा, बाकीची?”

आबांनी हनुवटीने कड्याकडे खूण केली. “टाकली. तुला उगाच निवडत बसायला नको. चांगली तेवढी काढून ठेवलीत बघ.”

ती कडेला गेली. खाली, कोपऱ्याच्या बाहेर अजून न झाकलेल्या जाळीवर, हात पोहोचणार नाही अशा खोलीवर, चंदेरी चटया विखुरल्या होत्या. ती बघत असतानाच पाइप त्यांच्यावरून फिरला. आधी फुलं करडी झाली, मग नुसता उंचवटा दिसला, मग तोही दिसेना. मुकादमाने दिलेला शब्द पाळला होता. त्याने कोपरा शेवटी ठेवला होता. फुलं कोपऱ्यात राहिलीच नव्हती.

सूनबाई मागे वळली. आबा तिच्याकडे पाहत होते, शाबासकीची वाट बघणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याने. तो चेहरा पाहून तिच्यातलं काहीतरी सुटलं आणि ती बोलत गेली. नर आणि माद्या, पपई, दोन मोसम न उगवलेलं बी, चहाचे डाग, क्रेट. कूज आपण थांबवू शकत नाही हे. तुम्ही जे उपटलंत तेच औषध होतं हे. मीही तेच करत आले हे. आवाज चढवला नाही, पण एकदाही थांबली नाही. बोलून झाल्यावर तिला स्वतःच्याच बोलण्याची भीती वाटली.

आबांनी छातीला हात लावला नाही. ते त्या उकरलेल्या मातीकडे बघत राहिले.

“कधीपासून माहीत आहे?”

“दोन आठवडे.”

“त्याला?”

“त्यांनाही.”

आबांनी मान हलवली. कामाचा माणूस काम संपलं की उठतो, तसे ते उठले, आणि हातांची माती झटकायला म्हणून दोन्ही तळवे एकमेकांवर आपटायला उचलले.

“आबा, हात झटकू नका!”

ती ओरडलीच. आबा जागच्या जागी थिजले, हात हवेत तसेच. सूनबाईने जवळ जाऊन त्यांचा उजवा हात मनगटाला धरून उन्हात वळवला. अंगठ्यावर, पहिल्या दोन बोटांवर, नखांच्या कडांना पिवळसर पूड बसली होती. नरांच्या चटया त्यांनी खुरप्याने काढल्या नव्हत्या. गबाळ्याला कशाला खुरपं, म्हणून फुलांच्या झुबक्याला धरून उपटल्या होत्या, जशा जन्मभर उपटत आले होते. डाव्या हातावरही होती, जरा कमी.

तिने काही समजावलं नाही. गरजही नव्हती. आबांनी आपल्या बोटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि कोपरं अंगापासून दूर धरून दोन्ही हात समोर पसरले.

आता उतरायचं होतं. चढताना आबांनी दगडांना, झुडपांना धरलं होतं. आता हात कशालाच लावायचे नव्हते. सूनबाईने पंच्याचं गाठोडं पाठीवर बांधलं, ट्रे तिथेच टाकले, आणि आबांच्या कमरेला विळखा घालून एकेक पाऊल खाली टाकायला लागली. आजवर तिने त्यांना वाकून नमस्कार केला होता तेवढाच काय तो स्पर्श. खडी निसटली, आबांचा तोल गेला आणि सवयीने त्यांचा हात दगडाकडे झेपावला; ती सगळ्या अंगाने त्यांच्या पुढे आडवी झाली आणि त्यांचा भार तिच्या खांद्यावर आला. हात वाचला. दोघं तिथे क्षणभर तशीच उभी राहिली, एकमेकांचा श्वास ऐकत. वाऱ्याची झुळूक आली तेव्हा आबांनी हात छातीशी घेऊन त्यांच्यावर पाठीची कमान केली, आणि वारा पडेपर्यंत एक पाऊल पुढे टाकलं नाही.

खाली मुकादम बघत होता. म्हाताऱ्याला लागलं का, त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर मग हात असे का, असं विचारलं. सूनबाई म्हणाली, ओले आहेत. तिला दुसरं काही सुचलं नाही.

व्हॅनचं दार तिने उघडलं, पट्टा तिने लावला, काच तिने वर केली. आबा हात मांडीवर टेकवू न देता बसले होते.

“तो मला लहानपणापासून घाबरतो,” अखेर आबा म्हणाले. “त्याचं ठीक आहे. तू कशाला गप्प बसलीस?”

“तुम्हाला लागेल म्हणून.”

“मग आता नाही लागलं?”

समोरचा रस्ता धूसर झाला म्हणून तिने वेग कमी केला. आबा तिच्याकडे न बघता म्हणाले, “मी चुकलो ते चुकलो. पण माहीत असतं तर आज तरी उपटलं नसतं. हे तुम्ही दोघांनी माझ्या हातून करवलंत.”

ते खरं होतं. दुसऱ्याला जपायचं म्हणून आपण गप्प बसतो, आणि जपतो ते आपल्यालाच, एवढं तिला उमगलं. माफ करा म्हणावंसं वाटलं, पण तो शब्द त्या वेळी फारच स्वस्त वाटला असता. तिने बाहीने डोळे पुसले आणि गाडी चालवत राहिली.

नर्सरीच्या दारात नवरा उभा होता. वडिलांचे पसरलेले हात आणि बायकोचा चेहरा पाहून त्याने तोंड उघडलं. आबा त्याला ओलांडून जाताना म्हणाले, “काचघराचं दार धर. आणि पंखा बंद कर.” त्याने दोन्ही कामं निमूट केली.

निरोगी ट्रे उजव्या फळीवर वेगळे मांडलेले होते, सगळे गुलाबी, सगळे उमललेले. सूनबाई एकेक ट्रे उचलून आबांच्या छातीच्या उंचीवर धरू लागली आणि आबा वाकून एकेका झुबक्यावर अंगठा टेकवू लागले. दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं, मग किंचित फिरवायचं. उपटण्याखेरीज फुलाला बोट लावायची त्या हातांना सवय नव्हती. पहिली दोनतीन फुलं चिरडली गेली. मग हात शिकला. आबांच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब जमला, तो बोटांवर पडू नये म्हणून नवऱ्याने पुढे होऊन आपल्या रुमालाने टिपला.

अंगठा संपला. पहिलं बोट संपलं. डाव्या हाताची पूड दोन ट्रेंना पुरली. यातलं किती लागू पडेल, एक बी धरेल की शंभर, की व्हॅनच्या उष्णतेत सगळंच मरून गेलंय, हे फुलांचा कापूस होईपर्यंत कुणालाच कळणार नव्हतं. फळीवर अजून ट्रे उरले होते आणि त्यांतल्या एकाच्या मधोमध, सकाळी नव्हता असा, तपकिरी डाग दिसत होता. तिघांनीही तो पाहिला आणि तिघांपैकी कुणी बोललं नाही. मग सूनबाईच बोलली.

“आबा, हाही गेला. बाजूला काढते.”

“काढ,” आबा म्हणाले.

तिने तो ट्रे बाहेर नेऊन ठेवला, हात धुऊन परत आली. आबा जागचे हलले नव्हते. हात समोर, दंड दुखण्याने वाकलेले, आणि उभ्या जन्मात या घरात कधी कुणाला काही न विचारणारा तो माणूस तिच्याकडे बघत उभा होता.

“सूनबाई, आता हात पुसू का?”

तिने खिशातलं भिंग काढलं, त्यांचा उजवा हात उजेडाकडे वळवला आणि निरखून पाहिला. मधल्या बोटाच्या नखाच्या कडेला, कातडी फाटली होती तिथे, बारीकशी पिवळी रेघ अजून होती.

“नका पुसू,” ती म्हणाली, आणि पुढचा ट्रे उचलून त्यांच्यासमोर धरला.